कच्चे लिंबू

मुलांनो, गल्लीत पकडापकडीचा किंवा लपंडावाचा खेळ रंगात आला, की एखादा लहान मुलगा हमखास येऊन उभा राहतो. "मलाही खेळायला घ्या," असा तो हट्ट धरतो. मोठी मुले एकमेकांकडे पाहतात. याला घेतले तर खेळ बिघडेल आणि नाही घेतले तर हा रडत घरी जाईल. मग त्यांतला एखादा म्हणतो, "बरे, ये. पण तू कच्चे लिंबू!"

कच्चे लिंबू म्हणजे असा भिडू, की जो खेळात आहे, पण ज्याच्यावर राज्य येत नाही. त्याला पकडले तरी तो बाद होत नाही. तो सर्वांबरोबर धावतो, ओरडतो, लपतो आणि पाहता पाहता खेळ शिकतो. काही दिवसांनी तोच छाती फुगवून सांगतो, "आता मी कच्चे लिंबू नाही!" ही रीत मुलांनीच घालून दिली आहे. तुमच्या मोहल्ल्यात तिला कदाचित दुसरे नाव असेल, पण रीत हीच असेल. मला ती फार शहाणपणाची वाटते. खेळ बिघडत नाही आणि लहान मुलगाही रडत नाही.

शाळेच्या मैदानावर खो-खो सुरू झाला, की मात्र हे शहाणपण आपण विसरतो. तेथे गुण मोजले जातात, मिनिटे मोजली जातात, हार-जीत असते. चौकात बसलेल्या आठ गड्यांपैकी एकालाही 'तुला आम्ही धरलेले नाही' असे म्हणता येत नाही. म्हणून नव्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. एक तर तिला घेतच नाहीत. "तुला येत नाही, तू सगळ्यांच्या चपला सांभाळ," असे सांगून बाजूला बसवतात. नाही तर एक गडी कमी पडतो म्हणून तिला एकदम चौकात बसवतात आणि मग तिची चूक झाली, की आठही जणी तिच्यावर ओरडतात. पहिलीला खेळ कधीच कळत नाही. दुसरी दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे, की नव्या भिडूला पाळीत उतरवण्यापूर्वी खेळ शिकवला पाहिजे. आणि ते काम एकट्या खेळाच्या सरांचे नाही. ज्यांना खेळ येतो, त्या जुन्या गड्यांचे ते काम आहे.

तुम्ही म्हणाल, खो-खोत शिकवण्यासारखे आहे तरी काय? ना बॅट, ना चेंडू, ना जाळी. आठ जण बसतात, एक जण धावतो, समोरचे पळतात. बाहेरून पाहणाऱ्याला तसेच वाटते. परंतु ज्या खेळाला साहित्य थोडे लागते, त्या खेळाचे नियम सोपे असतात, असे समजू नका.

जरा नीट पाहा. मैदानाच्या मधोमध एक अरुंद पाटी आखलेली असते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक खांब. पाटीवर आठ चौक असतात आणि त्यांत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी बसतात. एकाचे तोंड पूर्वेकडे, तर त्याच्या शेजारच्याचे पश्चिमेकडे. शेजारशेजारचे दोघे एकाच दिशेला तोंड करून कधीच बसत नाहीत. नववा गडी आक्रमक. पळणाऱ्या संघाचे मात्र एका वेळी तीनच गडी मैदानात असतात. तिघेही बाद झाले, की पुढचे तिघे येतात. एक पाळी वयोगटाप्रमाणे नऊ किंवा सात मिनिटांची असते.

आता खरी गंमत पुढेच आहे. पळणारा गडी कोठूनही कोठेही पळू शकतो. बसलेल्या दोघांच्या मधून तो सहज पलीकडे जातो. आक्रमकाला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही. समजा, आक्रमक पूर्वेच्या बाजूला आहे आणि पळणारा निसटून पश्चिमेकडे गेला. आक्रमकाने काय करायचे? पाटीवर बसलेल्यांपैकी ज्याची पाठ आपल्याकडे आहे, त्याच्या मागे जायचे, त्याच्या पाठीला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचे, "खो!" त्या गड्याचे तोंड पश्चिमेकडेच असते. तो उठून पश्चिमेला झेपावतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. गडी एकाआड एक उलट तोंडे करून का बसतात, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. भिंत ओलांडता येत नाही, म्हणून भिंतीतल्या विटेलाच पलीकडे धावायला सांगायचे, असा हा प्रकार आहे.

येथेच नियम संपत नाहीत. उठलेल्या गड्याने एकदा डावीकडे किंवा उजवीकडे पाऊल टाकले, की त्याच दिशेने पुढे जायचे. पळणारा मागे वळला म्हणून त्याला मागे वळता येत नाही. वळायचे तर त्या बाजूचा खांब गाठावा लागतो, नाही तर दुसऱ्याला खो द्यावा लागतो. खो मिळण्यापूर्वी उठायचे नाही. खो समोरून द्यायचा नाही. खो देऊन झाल्यावर उभे राहायचे नाही, लगेच बसायचे. यांतले काही चुकले, की पंचांची शिट्टी वाजते आणि आक्रमकाला उलट दिशेने जावे लागते. तोपर्यंत पळणारा दहा पावले दूर गेलेला असतो.

अशा खेळात एखाद्या नव्या मुलाला काही न सांगता बसवले, तर पहिल्या मिनिटातच काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. पळणारा त्याच्या नाकासमोरून जातो. तो खो न मिळताच उठतो. शिट्टी! पुढच्या वेळी त्याला खरेच खो मिळतो, पण तो घाबरून बसूनच राहतो. सगळे ओरडतात. तिसऱ्या वेळी तो उठतो, उजवीकडे दोन पावले टाकतो आणि पळणारा डावीकडे गेलेला पाहून गर्रकन वळतो. पुन्हा शिट्टी! या मुलाचे पाय मंद नव्हते. कदाचित वर्गात सर्वांत जोरात धावणारा तोच असेल. त्याला कोणी खेळ सांगितला नव्हता, एवढेच.

आणि नुकसान एकट्या त्याचे होत नाही. क्रिकेटमध्ये नवा खेळाडू शून्यावर बाद झाला, तरी उरलेले दहा जण धावा करू शकतात. खो-खोत बसलेले सारे गडी साखळीच्या कड्यांसारखे असतात. आक्रमण एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. एक कडी उघडी पडली, की पळणारे हुशार गडी नेमके तेथेच घोटाळत राहतात. शिवाय आपल्याला खो केव्हा मिळेल, हे बसलेल्याला ठाऊक नसते. फलंदाज आपली पाळी येईपर्यंत बाहेर बसून पाहू शकतो. येथे तुमची पाळी पाठीमागून येते आणि क्षणात येते. त्या क्षणी नियम आठवायला वेळ नसतो. म्हणूनच ते आधीच अंगवळणी पडलेले असावे लागतात.

यावर काही जण म्हणतात, "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. खेळता खेळता शिकेल." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. झाडाखाली बसून खो-खोवर व्याख्यान ऐकल्याने कोणी खो-खोपटू झालेला नाही. पण आपल्याकडे खेड्यात मुलांना विहिरीत पोहायला कसे शिकवतात, ते आठवा. त्यांच्या पाठीला सुका भोपळा नाही तर बंद डबा बांधतात. एखादा मोठा माणूस आधी पाण्यात उतरतो. मग मुलाला पायरीवरून पाण्यात सोडतात. पाण्यात पडावेच लागते हे खरे, पण कोणी शहाणा माणूस मुलाला पहिल्याच दिवशी काठावरून ढकलून देत नाही आणि वर 'हात मार, हात मार' म्हणून ओरडत बसत नाही.

कुस्तीचा आखाडा पाहा. कोल्हापूरकडे कुस्ती शिकण्याच्या जागेला 'तालीम' म्हणतात आणि शिकवणाऱ्याला 'वस्ताद' म्हणतात. हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. तुम्ही 'तालीम' म्हणता तेव्हा तुमच्या मनात शाळा आणि शिक्षण असते. मराठी माणसाच्या मनात लाल माती आणि पैलवान असतात. शब्द एकच. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. तालमीत आलेल्या नव्या पोराला कोणी लगेच जाणत्या पैलवानाशी झुंजवत नाही. त्याला आधी जोर-बैठका काढाव्या लागतात, आखाड्याची माती खणावी लागते, मोठ्यांची लढत पाहावी लागते. मग वस्ताद त्याला एकेक डाव सांगतो. कुस्ती दोघांचीच असून तेथे ही काळजी घेतात. मग नऊ जणांनी मिळून खेळायच्या खो-खोत ती का घेऊ नये?

खो-खोचे लेखी नियमसुद्धा, मला वाटते, एका अर्थाने नव्या भिडूसाठीच आहेत. हा खेळ महाराष्ट्रात फार जुन्या काळापासून खेळला जातो. पूर्वी प्रत्येक ठिकाणची रीत थोडी वेगळी असे. एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावी गेला, तर तेथे तो पुन्हा नवाच. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम ठरवले. पुढे १९३५ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांचे पुस्तक काढले. नियम छापले गेले आणि खेळ कोणा एका गावाचा राहिला नाही. ज्याला वाचता येते, त्याला तो खुला झाला. पण पुस्तक मैदानापर्यंतच आणून सोडते. मैदानात हात धरून न्यायला माणूसच लागतो.

अलीकडचे एक उदाहरण देतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ होता. पुरुष ५४-३६ आणि महिला ७८-४० असे जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे. याचा आपल्याला आनंद होणारच. पण मला त्या स्पर्धेतला दुसराच एक सामना आठवतो. भारतीय महिलांनी दक्षिण कोरियाच्या संघाला १७५-१८ असे हरवले. १७५ आणि १८! हा फरक पळण्याच्या वेगाचा असेल का? मला तसे वाटत नाही. एकीकडे लहानपणापासून मातीत खो ऐकत वाढलेल्या मुली होत्या. दुसरीकडे ज्यांच्या देशात हा खेळ नुकताच पोहोचला, अशा मुली होत्या. त्या स्पर्धेत ब्राझील आणि पेरू यांचेही पुरुष संघ होते. समुद्रापलीकडून येऊन त्यांनी नव्या खेळात नाव घातले. हरण्याची भीती त्यांनाही असेलच. तरी ते आले, खेळले. त्यांच्या या धाडसाचे मला कौतुक वाटते. आपल्या शाळेतल्या आठवीच्या मुलीने पहिल्यांदा चौकात बसणे हे काही त्याहून लहान धाडस नाही.

त्याच स्पर्धेत आणखी एक गोष्ट दिसली. तेथे मैदानात नऊऐवजी सात गडी उतरत होते आणि 'वजीर' नावाचा एक खास आक्रमक होता. वजीर हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. या वजिराला दिशेचे बंधन नव्हते. तो कोणत्याही बाजूला वळू शकत होता. म्हणजे पाहा, जन्मभर 'मागे वळू नको' हे घोकलेल्या जुन्या, नाणावलेल्या खेळाडूंनाही तेथे नवे नियम शिकावे लागले. तेही काही दिवस कच्चे लिंबूच होते!

बरे, शिकवायचे ठरले तर कसे शिकवायचे? माझ्या मते सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे ओरडणे बंद करणे. तुम्ही म्हणाल, हे काय शिकवणे झाले? पण विचार करा. चौकात बसलेल्या गड्याला पाठीमागचे दिसत नाही. त्याचा सारा भरवसा कानावर आणि पाठीवर पडणाऱ्या हातावर असतो. त्याला एकच शब्द ऐकायचा असतो, 'खो'. त्याच वेळी चौघे जण "ऊठ! ऊठ!", "अरे बस!", "डावीकडे बघ!" असे ओरडू लागले, तर तो बिचारा खो कसा ओळखणार? नवे गडी खो न मिळता उठतात, याचे निम्मे कारण आपणच असतो. जुना खेळाडू या गोंगाटातून नेमका शब्द टिपतो, कारण त्याच्या कानाला सवय झालेली असते. नव्याला ती नसते. म्हणून नवा भिडू बसला असेल, तेव्हा बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावावे. सांगायचे ते पाळी संपल्यावर सांगावे. आणि तेही एका वेळी एकच. एका दमात सात चुका सांगितल्या, तर त्याच्या लक्षात फक्त तुमचा रागावलेला चेहरा राहतो.

दुसरे असे, की आधी त्याला खेळ पाहू द्या. मात्र नुसता 'पाहत बस' म्हणू नका. चेंडू जिकडे, तिकडे नजर जाते. खो-खोत पळणारा जिकडे, तिकडे नजर जाते. नवा मुलगा पळणाऱ्यालाच पाहत राहतो आणि बसलेल्यांकडे त्याचे लक्ष जात नाही. त्याला एखादे काम द्या. "चौथ्या चौकातल्या गड्याकडे पाहा. त्याला किती वेळा खो मिळाला, ते मोज. तो उठल्यावर कोणत्या बाजूला वळला, ते सांग." दोन पाळ्या एवढेच पाहिले, तरी निम्मा खेळ त्याला कळेल.

त्यानंतर चालत खो-खो खेळा. होय, चालत! कोणीही धावायचे नाही. पळणाऱ्यानेही चालायचे आणि आक्रमकानेही चालायचे. सुरुवातीला सगळ्यांना हसू येईल. येऊ द्या. चालताना पावले दिसतात, दिशा दिसते, चूक कोठे झाली ते दिसते. धावताना ती फक्त शिट्टीवरून कळते. यात जुन्या गड्यांचाही फायदा आहे. आपण खो देताना पाटीवर पाय टाकतो, किंवा हात लागण्यापूर्वीच खो ओरडतो, अशा लहानसहान सवयी वेगात झाकल्या जातात. चालताना त्या उघड्या पडतात. चांगल्या चांगल्या खेळाडूंची फजिती चालत्या खो-खोत होताना पाहणे, ही एक मौजच असते.

सगळे नियम एकदम सांगण्याची घाई करू नका. तिसरा गडी ज्याने बाद केला, त्याने नव्या तुकडीच्या मागे न धावता आधी खो द्यायचा असतो. ही गोष्ट पहिल्या दिवशी कळली नाही, म्हणून काही बिघडत नाही. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी पुरेत. खोशिवाय उठायचे नाही. उठल्यावर पाटी ओलांडायची नाही. एकदा धरलेली दिशा सोडायची नाही. खांबाला वळसा घालणे, सूर मारणे, हुलकावणी देणे हे सगळे पुढचे आहे. खांबाजवळच्या चौकांत तर नव्याला बसवूच नका. तेथे पळणारे खांबाआडून चकवतात आणि जाणत्या गड्याचीही परीक्षा होते. मधल्या एखाद्या चौकात बसवा. चुकला, तर सांभाळून घ्यायला दोन्ही बाजूंना आपली माणसे असतात.

पळायला शिकवणे मला जास्त अवघड वाटते. नवा गडी पळतो म्हणजे सरळ रेषेत सुसाट पळतो आणि बाजूच्या रेषेबाहेर जाऊन बाद होतो. पाठीमागे कोणी लागले, की घराकडे धावत सुटावे, तसे. खो-खोत तसे पळून चालत नाही. बसलेल्या गड्यांच्या रांगेतून नागमोडी वळणे घेत जायचे असते. यालाच साखळीने पळणे म्हणतात. यासाठी एक उपाय करून पाहा. पाटीवर आठ गडी नुसते बसवा, पाठलाग कोणी करू नका आणि नव्या भिडूला रांगेतून एकट्यालाच नागमोडी पळू द्या. आधी सावकाश, मग जोरात. कोणाचे तोंड कोणीकडे आहे, हे त्याला पाहावे लागेल आणि मनात सतत हिशेब करावा लागेल: 'आता मला पकडायला कोण उठू शकेल?' पळणाऱ्याचा सगळा खेळ या एका प्रश्नात आहे.

तुम्हा उर्दू शाळांतल्या मुलामुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संघासाठी निवड झाली, तर तुमच्या शेजारच्या चौकात मराठी शाळेतली मुलगी बसलेली असेल. ती घाईत म्हणेल, "उजवी धर!" आणि तुम्हाला क्षणभर उजवी म्हणजे कोणती, ते आठवणार नाही. तेवढ्यात पळणारी निघून जाईल. यात कोणाचाच दोष नाही. पण पाळीपूर्वी पाच मिनिटे बसून 'डावी, उजवी, मागे, खांब' एवढे शब्द एकमेकींशी बोलून ठरवले, तर ही अडचण राहत नाही. तुमच्या शाळेत उद्या एखादी तेलुगू किंवा गुजराती बोलणारी मुलगी आली, तर हीच गोष्ट तुम्ही तिच्यासाठी करायची आहे. 'खो' हा शब्द मात्र कोणालाच शिकवावा लागत नाही. तसा तो मोठा मजेदार शब्द आहे. मराठीत एखाद्याच्या कामात 'खो घालणे' म्हणजे अडथळा आणणे. आणि मैदानात खो देणे म्हणजे आपली जागा सोडून दुसऱ्याला पुढे धाडणे! दोन्ही अर्थ एकाच शब्दाचे. नव्या भिडूला आपण कोणता खो देतो, ते आपण पाहावे.

"पण आमच्याकडे वेळ कोठे आहे?" असा प्रश्न मला नेहमी विचारतात. आठवड्यातून खेळाचे तास थोडे, स्पर्धा तोंडावर आलेली, त्यात नव्यांना शिकवत बसलो तर आमचा सराव कधी व्हायचा? ही अडचण खरी आहे. मी ती नाकारत नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नव्यांना शिकवायला घेऊ नका, असेच मी सांगेन. पण शाळा जूनमध्ये सुरू होते. पहिल्या पावसात मैदानावर चिखल होतो, जोरात धावता येत नाही, पाय घसरतात. ते दिवस चालत्या खो-खोसाठी उत्तम आहेत. व्हरांड्यातसुद्धा खडूने आठ चौक आखता येतात. तीन दिवस, रोज अर्धा तास. एवढे पुरे होते. आणि हिशेबच करायचा, तर असा करा. यंदाच्या संघातल्या दहावीच्या मुली मार्चमध्ये शाळा सोडून जातील. तेव्हा चौकात बसायला गडी कोठून आणणार? चपला सांभाळायला बसवलेल्या मुलींतूनच ना?

नव्या भिडूकडूनही थोडी अपेक्षा आहे. कळले नाही, तर विचारावे. मान डोलवून 'कळले' म्हणू नये. पुष्कळ जण हसण्याच्या भीतीने विचारत नाहीत. म्हणून संघातल्या एखाद्या शांत स्वभावाच्या गड्याला त्याचा सोबती करा. हा सोबती संघातला सर्वांत चपळ खेळाडू असावा, असे नाही. अनेकदा फार चपळ खेळाडूला आपण काय करतो, तेच सांगता येत नाही. त्याचे पाय आपोआप चालतात. जो स्वतः धडपडत, हळूहळू शिकला, त्याला नव्याची अडचण चटकन कळते.

आता नवा भिडू तयार झाला, हे ओळखायचे कसे? त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. त्याला चौकात बसवा. समोरून एका गड्याला वेडेवाकडे पळायला सांगा. एकाने मागून उगाच पाय आपटत यावे आणि खो न देताच निघून जावे. दुसऱ्याने शेजारच्याला खो द्यावा. इतके होऊनही तो जागचा हलला नाही आणि खरा खो मिळताच बाणासारखा सुटला, दिशा न सोडता खांबापर्यंत गेला, तर त्याच्याकडून हे पाच वेळा करून घ्या. पाचही वेळा बरोबर आले, की पुढच्या पाळीला त्याला मधल्या चौकात बसवा, बाकीचे गप्प राहा आणि पंचांना सांगा, "सर, आमचे नऊ गडी तयार आहेत."